वॉर्डातलं रुग्णशिक्षण आणि त्यावरचं संशोधन: या चुका टाळा

नर्सिंगच्या प्रबंधांमध्ये एक साचा फार दिसतो. एखादा आजार घ्यायचा, प्री-टेस्ट घ्यायची, अर्धा तास शिकवायचं आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढतात, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येते, प्रबंध मंजूर होतो. वॉर्डात मात्र काही बदलत नाही. रुग्ण पंधरा दिवसांनी तीच वाढलेली शुगर घेऊन कॅज्युअल्टीत येतो. रुग्णाच्या हातून घरी काय होतं, हे मोजलं तरच अशा संशोधनाचा त्याला उपयोग होतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वॉर्डांत काम करणाऱ्या स्टाफ नर्स आणि एमएस्सीच्या विद्यार्थिनींकडून कुठे गफलत होते आणि ती कशी सुधारायची, ते पाहू.

फक्त ज्ञान मोजणं

इन्सुलिनचं उदाहरण घेऊ, कारण मेडिसिन वॉर्डातून इन्सुलिनवर घरी जाणारे रुग्ण नेहमीचेच. "इन्सुलिन कुठे ठेवावं?" या प्रश्नाला "फ्रिजमध्ये" असं उत्तर आलं की एक गुण मिळतो. पण खरा घोटाळा सिरिंजमध्ये होतो. आपल्याकडे व्हायल (इन्सुलिनची बाटली) बहुतेक वेळा यू-४० ची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. मेडिकल स्टोअरमध्ये मात्र दोन्ही सिरिंज मिळतात: लाल टोपणाची यू-४० ची आणि नारिंगी टोपणाची यू-१०० ची. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "२० युनिट" लिहिलेलं असतं. रुग्णाने यू-४० चं औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातं ०.२ मिलि, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही, म्हणून डोस वाढवला जातो. मग कधीतरी बरोबर सिरिंज हाती येते, तो वाढवलेला डोस पूर्ण जातो आणि शुगर धाडकन खाली येते. उलटी चूक त्याहून घातक. यू-१०० चं औषध लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिलि म्हणजे ५० युनिट जातात, लिहिलेल्या डोसच्या अडीचपट.

हा धोका वीस प्रश्नांच्या कुठल्याही प्रश्नावलीत सापडत नाही. त्यासाठी निरीक्षणाची चेकलिस्ट लागते. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजचा रंग जुळवणं, हात धुणं, गढूळ इन्सुलिन असेल तर व्हायल न हलवता तळहातांत हलकेच फिरवणं, डोसइतकी हवा आधी व्हायलमध्ये सोडणं, बुडबुडे काढणं, डोस रेघेवर बरोबर आणणं, मागच्या जागेपासून दोन-अडीच सेंटिमीटर सोडून सुई टोचणं, औषध गेल्यावर थोडं थांबून सुई काढणं, वापरलेली सुई टणक, झाकण असलेल्या डब्यात टाकणं. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून पाहणं आणि बटण दाबल्यावर १० सेकंद थांबणं. प्रत्येक पायरीला "केलं" किंवा "नाही केलं", एवढंच. सिरिंज जुळवणं आणि डोस बरोबर भरणं या दोन पायऱ्यांना सूट नाही. बाकी सगळं जमलं आणि यातली एक चुकली, तर तो रुग्ण अनुत्तीर्ण धरायचा. या दोन पायऱ्या एकूण गुणांत मिसळल्या, तर दहापैकी नऊ मिळवणारा माणूसही अडीचपट डोस घेऊन घरी जाऊ शकतो.

चेकलिस्ट वापरायला काढण्याआधी दहा-पंधरा रुग्णांवर दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता ती भरावी. ज्या पायरीवर उत्तरं जुळत नाहीत, ती पायरी नीट लिहिलेली नाही असं समजा. कप्पा (kappa, दोघींच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात याचा आकडा) ०.६ च्या वर आला की बऱ्यापैकी एकमत धरतात, पण डोसच्या पायरीला तेवढ्यावर समाधान मानू नका.

बिल होत असताना शिकवणं

डिस्चार्जच्या दुपारी रुग्णाचं आणि नातेवाइकांचं सगळं लक्ष बिलात, कॅशलेसच्या मंजुरीत किंवा रिक्षा मिळेल का यात असतं. त्या वेळी दहा मिनिटांत सांगितलेलं डोक्यात राहत नाही. शिकवणं दाखल झाल्यानंतर रुग्ण स्थिरावला की सुरू करावं: दहा-दहा मिनिटांचे तीन भाग, शक्यतो खऱ्या डोसच्या वेळी. पहिल्या दिवशी सिस्टर करते आणि रुग्ण बघतो. दुसऱ्या दिवशी रुग्ण करतो, सिस्टर सांगत राहते. तिसऱ्या दिवशी रुग्ण करतो आणि सिस्टर गप्प बसते. त्या तिसऱ्या दिवशीची चेकलिस्ट हीच खरी नोंद.

"समजलं ना?" असं विचारलं की उत्तर "हो सिस्टर" हेच येतं. त्याऐवजी विचारा, "काका, उद्या सकाळी घरी सुई कशी घेणार ते मला करून दाखवा." चुकलं तर फक्त चुकलेली पायरी पुन्हा दाखवायची आणि पुन्हा करून घ्यायची.

शिकवता कुणाला, हेही नोंदवा. दिवसा बेडजवळ बसलेली बहीण शहापूरची, आणि घरी सुई देणार सून, जी दिव्याहून संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत येते. चेकलिस्टवर "घरी सुई कोण देणार" आणि "आज कुणाला शिकवलं" असे दोन रकाने ठेवा. उत्तरं वेगळी आली, तर शिकवणं झालेलं नाही असं धरा.

फ्रिज नसलेल्या घरासाठीही उत्तर तयार हवं. वापरात असलेली व्हायल ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस चालते (सोबतच्या पत्रकात मुदत वेगळी असेल तर ती पाळावी). मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापमान याच्या कितीतरी वर जातं. तिथे व्हायल कोरड्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या माठालगत, सावलीत ठेवायला सांगा. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. शुगर उतरल्यासारखी वाटली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

शेजारच्या बेडवरचा कंट्रोल ग्रुप

जनरल वॉर्डात ११ नंबरच्या बेडला शिकवलेलं १२ नंबरचे नातेवाईक ऐकतात, आणि ऐकायलाच हवं. पण मग १२ नंबर कंट्रोल ग्रुपमध्ये (नवं शिक्षण न देता तुलनेसाठी ठेवलेल्या गटात) असेल तर दोन गटांतला फरक पुसला जातो. "कंट्रोल ग्रुपही सुधारला" अशी तक्रार घेऊन विद्यार्थिनी गाईडकडे येतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरं कारण असं की निरीक्षण चालू आहे हे कळलं की स्टाफही सगळ्यांकडे जास्त लक्ष देतो. यावर उपाय म्हणजे गट बेडनुसार न पाडता वॉर्डनुसार पाडावेत: एक पुरुष मेडिसिन युनिट शिकवण्याचं, दुसरं नेहमीच्या पद्धतीचं. स्टाफची अदलाबदल होणार असेल तर मेट्रनशी आधीच बोलून ठेवा.

एकच वॉर्ड हाताशी असेल तर आधी-नंतर अशी तुलना करावी लागते, आणि इथे आपल्या भागाचा पावसाळा सगळं बिघडवतो. मे महिन्यात आधीची आकडेवारी घेतली आणि ऑगस्टमध्ये नंतरची, तर तुम्ही दोन वेगळ्या वॉर्डांची तुलना करता आहात. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांनी वॉर्ड भरतो, जादा गाद्या टाकाव्या लागतात, आणि तेवढ्याच सिस्टर्स दीडपट रुग्ण सांभाळतात. अशात शिकवण्याचा परिणाम उणे आला तर तो तुमच्या पद्धतीचा दोष नसतो, आणि डिसेंबरमध्ये अधिक आला तर श्रेयही तुमचं नसतं.

दोनच मोजमापांवर विसंबू नका. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक बिंदू घेऊन रन चार्ट (काळानुसार आकडा कसा बदलतो ते दाखवणारा आलेख) काढा. बदलाच्या आधी आणि नंतर मिळून किमान दहा-बारा बिंदू हवेत. मध्यिकेच्या (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतल्या मधल्या आकड्याच्या) एकाच बाजूला सलग सहा किंवा अधिक बिंदू आले, किंवा सलग पाच बिंदू चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललं आहे असं म्हणता येतं. कागदावर, पेन्सिलीने काढला तरी चालतो. आणि प्रत्येक बिंदूखाली त्या काळातले रुग्ण आणि ड्युटीवरच्या सिस्टर्स लिहा. परीक्षकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

"सीनियरने ६० घेतले होते, म्हणून ६०"

सॅम्पलचा आकडा मागच्या प्रबंधातून उचलू नका. योग्य पद्धतीने सुई घेणारे आज ४० टक्के आहेत आणि ते ६० टक्क्यांवर न्यायचे आहेत असं धरलं, तर ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ९५ रुग्ण लागतात. त्यातले २० टक्के फॉलोअपला सुटतील असं धरलं तर ११९. ३०-३० च्या गटांत इतका फरक खरा असूनही बहुधा सापडणार नाही. वॉर्डनुसार गट पाडले तर आकडा आणखी वाढतो, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहितानाच भेटा, डेटा गोळा झाल्यावर नाही. एवढे रुग्ण मिळणार नसतील तर प्रश्न लहान करा आणि तो पायलट (छोटा, चाचपणीचा अभ्यास) आहे असं शीर्षकातच लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

फॉलोअप सुटतो तो बहुतेक फोनच्या वेळेमुळे. तुर्भे-महापे एमआयडीसीतला कामगार शिफ्टवर असतो, एपीएमसी बाजारात पहाटे हमाली करणारा दुपारी झोपलेला असतो, आणि संध्याकाळी सात वाजता लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या दहा प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. दाखल असतानाच दोन नंबर घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या माणसाचा, आणि फोन कधी करू हे त्यांनाच विचारून फॉर्मवर लिहा. चौदाव्या दिवशी ओपीडीची तारीख असेल तर सिरिंज आणि व्हायल सोबत आणायला सांगा. हातातली वस्तू पाहिली की फोनवरच्या उत्तरांची गरजच उरत नाही.

न कळणारी प्रश्नावली

पुस्तकी मराठीतली प्रश्नावली मुंब्र्याच्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्या बाईंना, मुरबाडच्या आजोबांना आणि ऐरोलीच्या कोळीवाड्यातल्या मावशींना सारखीच परकी. भाषांतर एकीने, उलट भाषांतर मूळ फॉर्म न पाहिलेल्या दुसरीने, आणि मग पाच-सहा रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवून "यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारावं. तज्ज्ञांकडून वैधता घेताना पाच किंवा कमी जणी असतील तर प्रत्येक प्रश्नावर सगळ्यांचं एकमत लागतं. सहा किंवा अधिक असतील तर सीव्हीआय (प्रश्न योग्य आहे म्हणणाऱ्या तज्ज्ञांचं प्रमाण) ०.७८ चालतो. बरोबर-चूक अशा प्रश्नांना विश्वासार्हतेसाठी केआर-२० (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते मोजणारं सूत्र) वापरतात. प्री-टेस्टलाच सगळ्यांना २० पैकी १७-१८ मिळाले, तर वाढायला जागाच राहत नाही. ती प्रश्नावली पायलटमध्येच बदला.

चुकीची चाचणी

तेच रुग्ण आधी आणि नंतर तपासलेत, तर दोन वेगळ्या गटांची काय-स्क्वेअर चाचणी लावू नका. समजा ४० रुग्णांपैकी आधी १४ जणांना जमत होतं, नंतर २६ जणांना. नुसत्या या दोन आकड्यांवरून हिशेब होत नाही. किती जण नव्याने शिकले आणि किती जण आधी येत असून नंतर चुकले, हे लागतं. १५ शिकले आणि ३ बिघडले असतील तर मॅकनेमार चाचणी (त्याच रुग्णांच्या आधी-नंतरच्या हो-नाही नोंदींची तुलना करणारी) या १८ जणांवरच चालते: १२ चा वर्ग भागिले १८, म्हणजे ८. त्या बिघडलेल्या तिघांच्या फाइल काढून वाचा. सुधारणेचं सगळ्यात उपयोगी उत्तर बहुधा तिथेच असतं: नवी सिरिंज, बदललेला ब्रँड, वेगळा नातेवाईक.

परवानगी

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या रुग्णाच्या आधी हवी. मागच्या तारखेने कागद जुळवणं हा गैरप्रकार आहे. शिकवण्याची पद्धत तपासून गटांची तुलना करणारा अभ्यास असेल, तर सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणीही पहिला रुग्ण घेण्याआधीच करा. तिथे १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. रुग्णाला रोज औषध देणाऱ्या सिस्टरनेच संमती मागितली तर तो नाही म्हणायला कचरतो, म्हणून ती दुसऱ्या कुणी घ्यावी. नेहमीचं शिक्षण कंट्रोल ग्रुपलाही मिळायलाच हवं, आणि चेकलिस्टमध्ये सिरिंज चुकलेली दिसली तर तो कोणत्याही गटात असो, त्याच क्षणी सुधारायची. रुग्णाची नावं आणि केसपेपरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

आकडे बिघडल्यासारखे दिसले तर

पडण्याच्या घटना किंवा बेडसोअर यांवर काम सुरू केलं की पहिल्या दोन महिन्यांत बहुधा आकडा वाढतो. घाबरून प्रकल्प बंद करू नका. आधी न लिहिलेल्या घटना आता लिहिल्या जाताहेत. बेडसोअरची दाखल होतानाची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर घरून घेऊन आलेली जखम वॉर्डाच्या नावावर चढते. पडण्याच्या घटना नुसत्या मोजू नका, १००० बेड-दिवसांमागे काढा. ३० बेडच्या वॉर्डात महिन्याला ९०० बेड-दिवस आणि ३ घटना असतील तर दर ३.३. पावसाळ्यात ३८ रुग्ण असतील तर छेदात ११४० घ्यावे लागतात, मंजूर खाटांचे ९०० नाही.

प्रबंध जमा होतो तेव्हा चेकलिस्ट विद्यार्थिनीच्या बॅगेत जाते आणि वॉर्ड पूर्वपदावर येतो. जमा करण्याआधी चेकलिस्टच्या कोऱ्या प्रती आणि दोन्ही रंगांच्या रिकाम्या सिरिंज लावलेला नमुन्याचा पुठ्ठा इन्चार्ज सिस्टरकडे द्या. रोटेशनवर नवी स्टाफ आली की तिच्याकडून पहिली चेकलिस्ट कोण भरून घेणार, हे ड्युटी लिस्टवर नावासह लिहून घ्या.