नर्सिंगला जायचं असेल तर शिक्षक कडक निवडावेत की सोपे?

अकरावीला प्रवेश घेताना किंवा ट्यूशन लावताना गोव्यातल्या घरांत एक प्रश्न ठरलेला असतो: "तिथले सर मार्क सढळ देतात ना?" नर्सिंगला जायचं पक्कं असेल तर या प्रश्नाच्या जागी दुसरा विचारा. तपासलेला पेपर किती दिवसांत परत मिळतो, आणि चुकलेल्या उत्तरासमोर नुसती फुली असते की काय चुकलं तेही लिहिलेलं असतं?

सोप्या शिक्षकांकडे दोन वर्षं सुखात जातात. अडचण पुढच्या पायरीवर येते. गोवा बोर्डात 33 टक्क्यांना विषय सुटतो. बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशाला इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे खुल्या गटात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 45 टक्के लागतात, शिवाय इंग्लिश पास हवं. आत गेल्यावर बहुतेक विषयांत थिअरीत 50 आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळे 50 टक्के काढावे लागतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन हे सगळं पहिल्याच सेमिस्टरला एकदम अंगावर येतं. वॉर्डातल्या पोस्टिंगची हजेरी तर पदवी हातात पडण्याआधी 100 टक्के भरून द्यावी लागते. 33 वर निभावून न्यायची सवय लागलेल्या मुलांची इथे दमछाक होते. त्यांची बुद्धी कमी नसते, सराव कमी पडलेला असतो.

अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत मुलांना प्राध्यापक निवडता येत नाहीत, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. तिथल्या निकालांचा कॅरेल आणि वेस्ट यांनी केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. कॅल्क्युलसमध्ये ज्या प्राध्यापकांकडे मुलांना त्याच वर्षी जास्त गुण पडले, त्यांची मुलं पुढच्या संबंधित विषयांत मागे पडली. मुलांनी पसंतीचे शेरेही त्या वर्षी गुण वाढवणाऱ्यांनाच दिले होते. म्हणून "आम्हाला ते सर आवडतात" हे सीनियर मुलांचं मत ऐकून घ्या, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

"कडक" या शब्दात मात्र दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि आमच्या मते पालकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एक शिक्षक कामाला कडक असतात: आकृतीला नावं नसली की वही परत, गणितात एकक लिहिलं नाही की गुण कापले. दुसरे आवाजाला कडक असतात: वर्गासमोर पाणउतारा करतात, पण वही उघडूनही बघत नाहीत. पहिला कडकपणा शिकवतो. दुसरा नुकसान करतो, आणि हे नुकसान मोजलेलंही आहे. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या 24 टीमना सरावासाठी एका आजारी बाळाचा बनावट प्रसंग हाताळायला दिला. काही टीमना बाहेरच्या तज्ज्ञाने मध्येच थोडंसं लागट बोलून घेतलं. त्या टीमचं निदानही बिघडलं आणि हातातलं कामही. हा अभ्यास 2015 साली छापून आला. त्यामुळे ओरडणाऱ्या सरांना "शिस्तीचे" म्हणत मुलीला तिथेच अडकवून ठेवू नका.

ओळखायचं कसं, तर पहिल्या पंधरा दिवसांत. मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीची बायोलॉजीची वही मागून घ्या. पानोपानी नुसत्या बरोबरच्या खुणा आणि शेवटी सही असेल तर ती वही तपासलेली नाही. मग एका प्रश्नाबद्दल शंका घेऊन सरांकडे जा. कामाला कडक असलेले शिक्षक आधी विचारतील, "तुला कुठपर्यंत आलं ते दाखव." सोपे शिक्षक उत्तर सांगून मोकळे होतील. आवाजाला कडक असलेले म्हणतील, "एवढंही येत नाही?"

पुष्कळदा निवड हातात नसते. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून येणाऱ्या मुलीला बसच्या वेळेत बसेल ती ट्यूशन घ्यावी लागते. सर सोपे मिळाले तर कडकपणा घरी तयार करा. तो असा:

धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते काढा. हृदयाचाच धडा घ्या. चार कप्पे काढा, चारही व्हॉल्व्हची नावं लिहा, आणि वेना कॅव्हापासून एओर्टापर्यंत रक्ताची वाट बाणांनी दाखवा: उजवं एट्रियम, ट्रायकस्पिड, उजवं व्हेंट्रिकल, पल्मनरी व्हॉल्व्ह, पल्मनरी आर्टरी, फुप्फुसं, पल्मनरी व्हेन, डावं एट्रियम, मायट्रल, डावं व्हेंट्रिकल, एओर्टिक व्हॉल्व्ह. बहुतेक मुलं पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजनवालं रक्त दाखवतात, कारण "आर्टरी म्हणजे शुद्ध रक्त" हे वाक्य पाठ केलेलं असतं. आर्टरी हृदयापासून दूर नेते, एवढीच तिची व्याख्या. ही चूक लाल पेनाने वहीत लिहा, का झाली तेही लिहा, आणि तीच आकृती तिसऱ्या दिवशी, मग आठव्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदावर काढा. पुन्हा पुन्हा वाचणं पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत जिंकतं, आठवड्यानंतर मात्र स्वतःची परीक्षा घेणारा पुढे असतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली हेच दाखवलं. आदल्या रात्री वाचून बोर्डाचा पेपर निघतो आणि फिजिऑलॉजी निघत नाही, ते यामुळेच.

दुसरं काम गणिताचं. रोज पाच, कॅल्क्युलेटरशिवाय, दहा मिनिटांत. नमुन्याला दोन: डॉक्टरांनी 250 मिलिग्रॅम लिहिलंय, बाटलीवर 5 मिलीत 125 मिलिग्रॅम आहे, तर द्यायचं 10 मिली. दुसरं, 1000 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं आहे आणि सलाईन चढवायचा सेट 1 मिलीला 20 थेंबांचा आहे. 1000 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. इथे तासांची मिनिटं करायला विसरलं की उत्तर 2500 येतं, आणि मुलं ते शांतपणे लिहून टाकतात. 2500 म्हणजे सेकंदाला चाळीसच्या वर थेंब, ती तर धारच झाली. म्हणून उत्तर आलं की "हे डोळ्यांसमोर कसं दिसेल?" असं स्वतःला विचारायचंच. दशांश लिहितानाही आत्तापासून वळण लावा: अर्ध्यासाठी 0.5 लिहा, नुसतं .5 नको, टिंब पुसट झालं तर 5 वाचलं जातं. पाचसाठी 5 लिहा, 5.0 नको, ते 50 वाचलं जातं. या गणितांत दहापैकी आठ बरोबर म्हणजे चांगलं असं समजू नका. दहाच्या दहा येईपर्यंत पुढच्या प्रकाराला हात लावायचा नाही.

कामाला कडक शिक्षक मिळाले असतील तर त्यांचा पुरेपूर फायदा घ्या. बरीच मुलं पेपर परत मिळाला की गुण बघून घडी घालून ठेवतात, आणि सरांनी तासभर घालवून लिहिलेले शेरे वाया जातात. त्याच संध्याकाळी चुकलेली उत्तरं नव्याने लिहा. दुसऱ्या दिवशी एकच नेमका प्रश्न घेऊन जा: "माझं कुठे चुकलं?" असं मोघम नको, "नेफ्रॉनमध्ये ग्लुकोज परत शोषलं जातं असं मी लिहिलं, मग अर्धा गुण का गेला?" असं. उत्तर बहुधा छोटंच असतं: कुठल्या भागात ते लिहायचं राहिलं.

भाषेचं तेवढं लक्षात ठेवा. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या मुलांना पाचवीनंतर इंग्लिशमधून पाठ करायची सवय लागते, आणि पाठांतराआड न समजलेलं लपून जातं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात मात्र पेशंट कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलतात, सिंधुदुर्गातूनही येतात. शिकलेला प्रत्येक धडा घरच्या आजीला दोन मिनिटांत सांगा, एकही इंग्लिश वाक्य न वापरता. "किडनी रगत गाळते" इथवर सगळे येतात. गाळून उरतं काय आणि परत जातं काय, असं आजीने विचारलं आणि तुम्ही अडलात, तर त्या रात्री तेवढंच पान पुन्हा काढायचं.