पर्जन्यमापक बदलला आणि पावसाचा रेकॉर्ड जुळेना: माझा अनुभव

तासगावला आमच्या द्राक्षबागेत वडिलांच्या वहीत कितीतरी वर्षांचा पाऊस लिहिलाय, हाताने मोजलेला. मी ऑटोमॅटिक मापक बसवला आणि आकडे एकदम कमी यायला लागले, तारखाही मागेपुढे. बॅटरी बदलली, जागा हलवली, एक्सेलमध्ये सगळ्याला 1.1 ने गुणलं, काही उपयोग नाही. डोकं फिरलं होतं.

शेवटी जमलं ते असं. आधी जुना मापक परत उभा केला, नव्यापासून दोन-तीन मीटरवर, आणि दोन्ही रीडिंग घेत राहिलो (हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं). मग तारखेचा घोळ सापडला, वडील रोज सकाळी 8:30 ला मोजून त्याच तारखेला लिहायचे आणि मशीनचा दिवस रात्री 12 ला बदलायचा, तो 8:30 केला. मग फनेल पुसलं, आत कोळ्याचं जाळं. फनेल 20 सेंमी व्यासाचं, म्हणजे 314 मिली पाणी बरोबर 10 मिमी, आतली छोटी बकेट भरून एकदा कलंडली की एक टिप, एका टिपला 0.2 मिमी धरून 50 टिप पडायला पाहिजेत. सलाईनच्या नळीने अर्धा तास थेंबथेंब सोडलं, 46 च पडल्या. बकेटखालचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे वर घेत पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा 50.

वहीतले जुने आकडे खोडले नाहीत, फक्त मापक बदलल्याची तारीख लाल पेनाने लिहिली.