हिप्पोकॅम्पस मोजताना: स्कॅनपासून आकड्यापर्यंत

स्किझोफ्रेनियात मेंदूच्या एमआरआय स्कॅनवर हिप्पोकॅम्पस (स्मरणशक्तीशी संबंधित भाग) सरासरीने थोडा लहान आणि लॅटरल व्हेंट्रिकल्स (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या) थोडी मोठी दिसतात. हा फरक गटांमधला आहे. एकट्या रुग्णाच्या स्कॅनवरून निदान होत नाही, नातेवाइकांनी कितीही विचारलं तरी.

नाशिकच्या सेंटरवर स्कॅन ठरवतानाच टेक्निशियनला सांगा: थ्रीडी टी-वन (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा एमआरआयचा प्रकार), सगळीकडून १ मिमी. नेहमीचे ५ मिमीचे काप चालणार नाहीत, हिप्पोकॅम्पस त्यात मोजक्याच कापांत संपतो. उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटपट्टीने लावा. ती स्कॅनमध्ये पांढरी ठिपक्यासारखी उमटते, म्हणजे फाइल बदलताना डावं-उजवं उलटलं तर लगेच कळतं. आरोग्य विद्यापीठाच्या प्रबंधासाठी काम असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या. रुग्ण आणि निरोगी, दोघांचेही स्कॅन एकाच मशीनवर.

नावं काढून फाइलींना क्रमांक द्या, म्हणजे तपासणाऱ्याला कोण रुग्ण ते कळणार नाही. मग फ्रीसर्फर या मेंदूचे भाग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिकॉन-ऑल’ ही आज्ञा चालवा. ते मोफत आहे. ८ जीबी रॅम हवीच, आणि एका मेंदूला साधारण ६ ते १० तास लागतात. मे महिन्यात लाइट गेली की सगळं पाण्यात, म्हणून यूपीएस ठेवा. मध्येच बंद पडलंच तर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ‘इझ-रनिंग’ नावाची फाइल मागे उरते. ती काढेपर्यंत पुढचा रन सुरूच होत नाही.

खरं काम यानंतरचं. एसेग फाइल (सॉफ्टवेअरने मेंदूच्या प्रत्येक भागाला क्रमांक देऊन केलेला नकाशा) टी-वनवर चढवून बघा. त्यात डाव्या हिप्पोकॅम्पसचा क्रमांक १७, उजव्याचा ५३. पुढच्या टोकाला शेजारचा अमिग्डाला हा भाग कुठे संपतो ते सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या) कापात ठरवा: दोघांच्या मध्ये अल्व्हियसची, म्हणजे हिप्पोकॅम्पसवरच्या तंतूंच्या थराची, बारीक पांढरी रेघ दिसते. कोरॉनल (समोरून दिसणाऱ्या) कापात ही हद्द शोधत बसलात तर फसाल. सॉफ्टवेअर कधी कधी शेजारचा कोरॉइड प्लेक्ससही (व्हेंट्रिकलमधला द्रव तयार करणारा भाग) हिप्पोकॅम्पसमध्ये धरतं, तो हाताने पुसा. दहा स्कॅन दोघांनी वेगवेगळे दुरुस्त करून डाइस (दोघांचं काम किती जुळतं त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) काढा: सामाईक भागाची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज. ०.८५च्या खाली आलं तर हद्दीचे नियम पुन्हा लिहा.

सर्वांत घातक चूक डोक्याच्या हालचालीची. डोकं हललं की ग्रे मॅटर (मेंदूतला पेशींचा करडा भाग) खोटंच कमी मोजलं जातं, आणि रुग्ण तुलनेने जास्त हलतात. म्हणजे हालचालच आजार म्हणून मोजली जाते. कडांना लाटांसारख्या रेघा दिसल्या तर स्कॅन बाद करा. हा निकष मात्र दोन्ही गटांना सारखाच लावा.

तुलना करताना कवटीच्या आतलं एकूण आकारमान, वय आणि लिंग गणितात घ्या. फ्रीसर्फरची आवृत्ती मध्येच बदलू नका. बदललीच तर पहिल्या स्कॅनपासून सगळे पुन्हा चालवा.