चारास एक म्हणजे चारासच एक

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये मी गेली १६ वर्षं गाड्या रंगवतो. नवीन पोरगं कामाला आलं की पहिले आठ दिवस त्याच्या हातात रंग फवारायची गन देत नाही, नुसतं मोजायला लावतो. गन दोन महिन्यांत हातात बसते, पण अंदाजाने ओतायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, दोन डब्यांत येतो, बेस आणि हार्डनर. चारास एक म्हणजे चार भाग बेसला एक भाग हार्डनर, डब्यावर ४:१ लिहितात ते. हार्डनर म्हणजे रंग सुकवायचं औषध, थंडी आहे तर टाक थोडं जास्त, असं बरेच जण धरून चालतात. हे आधी डोक्यातून काढा. हार्डनर हा रंगाचाच भाग आहे. त्यातलं आयसोसायनेट नावाचं रसायन बेसमधल्या रेझिनशी, म्हणजे राळेसारख्या चिकट घटकाशी, जोडलं जातं आणि त्या जोडणीतूनच कडक थर तयार होतो. कमी पडलं तर रेझिनचा काही भाग जोडीशिवाय राहतो आणि थर कायमचा मऊ राहतो. जास्त झालं तर उरलेलं हार्डनर हवेतली ओल ओढत बसतं, थर ठिसूळ होतो आणि पुढे तडे जातात.

धंद्याच्या चौथ्या वर्षी घाईत एका मोटारसायकलच्या टाकीच्या क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, मी हार्डनर डोळ्याने ओतलं. टाकी दिली तेव्हा आरशासारखी होती. पंधरा दिवसांनी पंपावर थोडं पेट्रोल सांडलं आणि तेवढा क्लिअर सुरकुतून वर आला. पत्र्यापर्यंत खरवडून सगळी टाकी पुन्हा केली, एक रुपयाही घेतला नाही. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये मापाशिवाय थेंब पडत नाही.

पहिलं म्हणजे भांडं. चहाचा प्लॅस्टिकचा ग्लास घेऊन चार बोटं बेस, एक बोट हार्डनर, असं करू नका. तो ग्लास खाली अरुंद, वर रुंद असतो. बूड ५ सेंटिमीटर, तोंड ७ आणि उंची १० धरा. ८ सेंटिमीटरपर्यंत बेस भरला तर तो साधारण २१३ मिली होतो. वरच्या २ सेंटिमीटरमध्ये हार्डनर बसतं ७३ मिली. तुम्हाला वाटतं चारास एक घातलं, प्रत्यक्षात तिनासही एक राहत नाही. पट्टीने मापायचं असेल तर सरळ उभ्या भिंतीचा डबाच घ्या.

त्याहून बरं म्हणजे छापील मापाचा मिक्सिंग कप, रंगाच्या दुकानात मिळतो. त्यावर ४:१ च्या खाली आकड्यांचे स्तंभ असतात. पहिल्या स्तंभात ३ पर्यंत बेस, मग दुसऱ्या स्तंभातल्या ३ पर्यंत हार्डनर. थिनरचा स्तंभ असेल तर तिथेही ३ च. कप सपाट फळीवर ठेवा आणि डोळे रेघेच्या समोर आणा, वरून वाकून पाहिलं की चूक होते.

वजनकाटा वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. डब्यावर ४:१ घनफळाचं लिहिलं असेल तर ते वजनाला लागू होत नाही. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, भरावाचा, जड असतो. लिटरला १.४ किलो धरला तर ४०० ग्रॅम म्हणजे फक्त २८६ मिली. त्यात १०० ग्रॅम, म्हणजे जवळपास १०० मिली हार्डनर घातलं की पुन्हा तिनाच्या आत आलात. काट्यावर करायचं तर कंपनीच्या पत्रकातलं वजनाचं प्रमाणच घ्या.

थिनर शेवटी. १० टक्के कशाचे, हे पत्रकात वाचा. नुसत्या बेसवर धरले तर ४०० मिलीला ४०, बेस आणि हार्डनर मिळून धरले तर ५०. स्वस्त पडतं म्हणून पीयूमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर कधीही घालू नका. त्यात बहुधा अल्कोहोल असतं, ते हार्डनर खाऊन टाकतं आणि मोजूनमापून केलेलं प्रमाण आतून बिघडतं.

दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, बूड आणि कडा खरवडत. मग दुसऱ्या डब्यात ओतून परत ढवळा, कारण तळाशी चिकटलेला बेस तसाच राहतो. गाळून घ्या. पातळपणा मोजायच्या, तळाला भोक असलेल्या फोर्ड कप बी-४ मधून रंग गळायला १८ ते २० सेकंद लागले की माझ्या गनला चालतो.

आता हवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा हात हार्डनरकडे जातो. जाऊ देऊ नका. थंडीसाठी फास्ट हार्डनर आणि फास्ट थिनर मिळतात, ते घ्या, प्रमाण तेच ठेवा. उन्हाळ्यात उलट: १० अंश वाढले की मिश्रण टिकायची वेळ साधारण निम्मी होते, म्हणून थोडं थोडं कालवा आणि डब्यावर खडूने वेळ लिहा. घट्ट झालेल्या रंगात थिनर घालून तो परत जिवंत होत नाही. पावसाळ्यात हार्डनरचं झाकण लगेच घट्ट लावा. ओल लागली की आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डबा फुगलेला दिसला तर तो वापरायचाच नाही.

पिंपळगावचे एक द्राक्षबागायतदार ट्रॅक्टरचं बॉनेट घेऊन आले होते. मी मोजत असताना पोरगं कंटाळलं, तर तेच त्याला म्हणाले, "अरे, आम्ही १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद अन् १ किलो चुना तोलून घेतो. हे बोर्डो मिश्रण चुकलं तर पान जळतं." त्या दिवसापासून पोरगं कुरकुरलं नाही.

कार्बन काडतुसाचा मास्क लावल्याशिवाय फवारू नका, शक्य असेल तर बाहेरून हवा येणारा घ्या. आयसोसायनेटने दमा जडतो. साधा रुमाल काही अडवत नाही.

प्रत्येक मिश्रणातलं थोडं मी पत्र्याच्या तुकड्यावर मारतो, खाली तारीख आणि माप लिहितो. दुसऱ्या दिवशी आधी त्यावर नख दाबून बघतो, मगच गाडीला पॉलिश पेपर लावतो.