षटकोनी गोधडी: सुई ओवायच्या आधीच होणाऱ्या या चुका टाळा

परवा परत एकीने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. षटकोनांची सात फुलं जोडून झालेली आणि खाली प्रश्न, "ताई, टाके दिसतात, काय करू?" दिसले तर दिसू देत गो, हाताने शिवलंय ना. माझं लक्ष टाक्यांकडे गेलंच नाही, ते गेलं फुलाच्या मधल्या लालभडक कापडाकडे आणि त्याला चिकटून बसलेल्या आजोबांच्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यांकडे. विचारलं, लाल आधी धुतलंस का? तर म्हणते, "नवंकोरं आहे, धुवायचं कशाला?"

झालं. म्हणून हे लिहायला बसले. गोव्यात डिचोलीला आमच्या घरी शनिवारी दुपारी चार-पाचजणी शिवायला येतात, क्लास वगैरे काही नाही, चहा आणि गप्पा जास्त, आणि इतक्या वर्षांत मी एक बघितलंय की टाका कोणाचाही बिघडत नाही, दोन आठवड्यांत हात बसतो. बिघडतं ते आधीच, कापड निवडताना, धुताना, कागद कापताना, म्हणजे ज्या कामाचा फोटो काढून कुठे टाकता येत नाही त्या कामात.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर पाव इंच जास्तीचं कापड दुमडून कच्चा दोरा घालायचा, असे दोन षटकोन सुलट बाजू समोरासमोर धरून कडेकडेने बारीक हेम घालायचं. एक मधला आणि भोवती सहा, झालं सात जणांचं फूल. पुढचा फेरा बारांचा, त्यापुढचा अठरांचा. बस, एवढंच आहे. आता चुका.

लाल कापड

माझ्या भाचीला बाळ होणार होतं तेव्हाची गोष्ट. ठरवलं दुपटं करायचं, ३० बाय ३६ इंच, एक इंची षटकोन, म्हणजे चारशेच्या वर तुकडे. आईने आजीचं एक मऊ पांढरं लुगडं काढून दिलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, आणि मला वाटलं नुसतं पांढरं कसं, मध्ये लाल पाहिजे, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मीटरभर लाल सुती कापड आणलं. आल्या आल्या कापायला घेतलं. आई म्हणाली, "घाई कित्याक गो, उदकांत घाल पयलीं," म्हणजे घाई कशाला, आधी पाण्यात घाल. मी म्हटलं, बघू नंतर.

सात महिने शिवलं. रात्री जेवणं आटोपली की बसायचं, लाइट गेले तर मोबाइलच्या उजेडात. बारशाच्या आदल्या दिवशी म्हटलं एकदा पाण्यातून काढू, बाळाच्या अंगाला लागणार. बादलीत घातलं आणि पाच मिनिटांनी बघते तर पाणी सोलकढीसारखं. बाहेर काढलं तोवर आजीचं लुगडं गुलाबी झालं होतं, नीट एकसारखं गुलाबी झालं असतं तर मी म्हटलं असतं डिझाइन आहे, पण नाही, लालच्या शेजारी गडद आणि पुढे पुढे फिकट, जखमेवरच्या कापसासारखं. आणि मग दुसरी चूक, घाबरून पिळून उन्हात टाकलं. वाळलं, संपलं, डाग पक्का.

रंग सुटला की ते कापड वाळू द्यायचं नाही आणि इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही, हे मला नंतर कळलं. ओलं असतानाच मोठ्या टबात भरपूर कडक गरम पाणी आणि साबण घालून बुडवून ठेवायचं, कापड ऐसपैस तरंगलं पाहिजे, पाणी रंगलं की बदलायचं, रात्रभर ठेवावं लागलं तरी ठेवायचं. पाण्यात सुटलेला रंग पाण्यातच राहिला तर निघून जातो, कापडावर वाळला की बसतो.

आणि मीठ-व्हिनेगर! दर वेळी कोणीतरी सांगतंच की मिठाच्या पाण्यात ठेव म्हणजे रंग पक्का होतो. रंगवताना मिठाचं काम असतं ते वेगळं, बाजारातून आणलेल्या कापडातला सुटा रंग घरी मीठ घालून धरून ठेवता येत नाही. माझी सवय अशी की लाल, मरून, गडद निळं, काळं जे काय असेल ते कोमट पाण्यात घालायचं, सोबत पांढऱ्या बनियनचा एक तुकडा टाकायचा. तुकडा पांढरा राहिला की कापड पास. चार पाण्यांनंतरही तुकडा गुलाबी होतोय तर ते कापड पायपुसण्याला, गोधडीत नाही. कितीही आवडलं असलं तरी नाही.

कागद

नेटवरून षटकोनांचं पान घेऊन प्रिंट काढून आणतात. प्रिंट काढणारा पान कागदावर मावावं म्हणून जरासं छोटं करतो, विचारत पण नाही, सेटिंगच तसं असतं. १०० च्या जागी ९७ टक्के. पहिल्या खेपेला हरकत नाही, सगळेच सारखे छोटे. पण कागद संपतात, दोन महिन्यांनी दुसऱ्या दुकानात जाऊन परत काढतात, ते येतात पूर्ण मापाचे. एका षटकोनात फरक डोळ्याला दिसत नाही, ओढून-ताणून बसतो पण, पण तीस षटकोनांच्या एका ओळीत तोच फरक दीड इंचाचा होतो. मोठ्यांच्या भोवती छोटे लागले की फूल वाटीसारखं खोल होतं, छोट्यांच्या भोवती मोठे लागले की कडेला लाटा येतात. मग इस्त्रीवर वजन देऊन देऊन दाबत बसायचं. काही उपयोग नाही, उसवा.

पट्टी घ्या आणि बाजू मोजा. षटकोनाचं माप म्हणजे एका बाजूची लांबी, हे पण कित्येकींना माहीत नसतं, एक इंची षटकोन टोकापासून टोकापर्यंत दोन इंच भरतो आणि सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत पावणेदोनच्या किंचित आत. कोणी "दोन इंची" म्हणून दिलं तर आधी विचारा की कुठून कुठे.

कागद कोणता? वहीचा मऊ पडतो, टोकं गोल होतात. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडाला लागते. मी लग्नपत्रिका वापरते, त्यातही पातळ आमंत्रणाची, जाड सोनेरी नक्षीवाली नको, सुई वाकते. आमच्याकडे मे महिन्यात एवढ्या पत्रिका येतात की वर्षभर पुरतात, आणि गंमत म्हणजे कागद काढताना कोणाकोणाचं लग्न हातात येतं.

पेज आणि पावसाळा

हा माझा दुसरा पराक्रम. कच्चा दोरा घालायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, हल्ली गोंदाची कांडी मिळते, तिने कापड कागदावर चिकटवतात. मला ती आवडत नाही, जास्त लागली की कागद सुटता सुटत नाही आणि कापडाची कड ताठ होऊन सुई आत जात नाही, पण तो मुद्दा वेगळा. माझ्याकडे तेव्हा ती कांडीही नव्हती. मी हुशारी केली. आजी साड्यांना पेजेची खळ करायची, म्हटलं तीच लावू की, घरची, फुकट, कापडाला सवयीची. तांदळाच्या पेजेची घट्ट खळ, बोटाने कागदावर लावायची, कापड दुमडायचं, दाबायचं. इतकं भराभर झालं की सांगू नका, आठवड्यात तीनशे षटकोन तयार. पिशवीत भरून कपाटात ठेवले, म्हटलं शेतीची कामं, मुलांच्या शाळा, चवथीनंतर, म्हणजे गणपती झाले की, निवांत बसू.

आपल्याकडे पावसाळ्यात कपाट म्हणजे काय असतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, चपलांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी, देवाच्या फोटोच्या काचेच्या आत बुरशी. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या मांडवीचं, सामान काढायला कपाट उघडलं, पिशवी हातात घेतली तर हलकी लागली. आत कसर! कागद आणि खळ, कसरीला याहून चांगलं जेवण तुम्ही तरी कुठे वाढाल? कागदांना जाळी पडलेली, कापडाच्या दुमडींना भोकं, झुरळांचं जे असतं ते सगळीकडे, आणि उरलेल्यांवर काळे ठिपके. तीनशेतले चाळीस वाचले असतील.

तर पेज नको, स्टार्चचा स्प्रे मारून ठेवून देणं नको, आणि कागद आत ठेवून पावसाळा काढणं तर नकोच. इंग्लंडमधल्या जुन्या गोधड्यांमध्ये दीडदोनशे वर्षांपूर्वीचे कागद अजून मागे तसेच आहेत, पत्रं, बिलं, शाळेच्या वह्या, त्यावरून गोधडी कधीची ते ओळखतात, वाचायला फार छान वाटतं. ते थंड हवेत. डिचोलीत नाही. मी कच्चा दोरा फक्त कोपऱ्यांच्या दुमडीत घालते, कागदाला सुई लावतच नाही, म्हणजे भोवतीच्या सहाही बाजू जोडून झाल्या की कागद मागून अलगद निघतो आणि पुढच्याला वापरता येतो. त्याआधी काढायचा नाही हां, कड सैल पडते आणि मग माप गेलं.

आणि शिवणकाम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जुन्या उशीच्या खोळीत ठेवा, ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा.

जुनं कापड म्हणजे सगळंच कापायचं नाही

हे जरा रागाने लिहितेय. सध्या 'विंटेज' म्हटलं की घरातली ट्रंक उघडायची आणि कात्री चालवायची. एक मुलगी आजेसासूची कुणबी साडी घेऊन आली, आमच्याकडच्या कुणबी बायका नेसायच्या ती जाडसर लाल चौकड्यांची, खरी, नेसून नेसून काठ झिजलेली, म्हणाली मधली फुलं यातली करू. मी कात्री लपवली. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली म्हणून आज नव्या विणलेल्या मिळतात, कापायची हौस असेल तर त्यातली कापा. जुनी अख्खी साडी शिल्लक असेल तर ती घडी बदलत ठेवायची, एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की तिथेच चिरते.

कापायचं ते आधीच फाटलेलं. लुगड्याचा पदर गेला, पंचाची मधली जागा विरली, रेंद (लेस) लावलेल्या पलंगपोसाचा एक कोपरा उंदराने खाल्ला, असलं. आणि फाटलेल्यातलंही सगळं चालत नाही. उजेडासमोर धरा, जाळी दिसतेय ती जागा सोडा. दोन्ही अंगठ्यांनी आडवं आणि उभं ताणून बघा, चर्र आवाज आला की सोडा. लुगड्यात बसायच्या जागेचं कापड कितीही चांगलं दिसलं तरी दमलेलं असतं, काठाजवळचं टिकतं.

डागांचं: हळदीचा डाग धुऊन उन्हात टाका, ऊनच खातं त्याला (साबण लागल्यावर लाल झाला तर घाबरू नका). ट्रंकेच्या गंजाला लिंबू-मीठ आणि ऊन, क्लोरीनवालं ब्लीच अजिबात नाही, गंज आणखी पक्का होतो आणि जुनं सूत कुजतं. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग असेल तर देवाचं नाव घ्या आणि तो भाग सोडून कापा.

बाकीच्या, पटापट

दोरा कोपरापर्यंत लांब, त्याहून मोठा घेतलात तर गाठी तुमच्याच. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुताला कापतो, सुतीच घ्या. सुई बारीक, दहा नंबर, आणि अंगुस्तान घाला, "मला सवय नाही" ऐकून कंटाळले मी. टाका दोन्हीकडचे दोनच धागे उचलणारा, कागद न उचलणारा, फार आवळायचा नाही. कोपऱ्यावर दोन टाके जास्त. शिंप्याकडच्या चिंध्या आणल्यात तर एक धागा जाळून बघा: राख झाली आणि कागद जळाल्याचा वास आला तर सुती, गोळी होऊन कडक झाला तर परत पाठवा. आणि आत पॉलिएस्टरचं वाडिंग, म्हणजे कापसासारखा थर, घालू नका हो, मे महिन्यात कोण पांघरणार ते? आमच्या वाकळीत आत जुनी साडीच असायची, तीच घाला.

ज्यांना षटकोन मोजायचाच कंटाळा आहे त्यांनी सरळ वाकळ शिवावी, त्यात कमीपणा काय आहे? कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी, ज्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि इथून रानात पळून गेलेले, त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. ना कागद ना पट्टी, कडेच्या कोपऱ्यापासून सुरू करून धावदोऱ्याने तुकडे लावत लावत आत मध्यापर्यंत यायचं आणि शेवटी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावायची. पण बघून सोपं वाटतं म्हणून शॉर्टकट समजू नका, त्यांचा हात वेगळा आहे.

हे लिहिता लिहिता त्या व्हॉट्सॅपच्या फोटोवाल्या पोरीचा मेसेज आला. लालचा उरलेला तुकडा तिने शेवटी भिजवला. तिसरं पाणी, अजून गुलाबी. सात फुलं आहेत, मधला एकेकच लाल, म्हणजे सात षटकोन उसवायचे. मी म्हटलं शनिवारी घेऊन ये, मी पण बसते उसवायला.