मुलाचा ताबा आणि भेटी: अटींमध्ये ‘सोयीनुसार’ लिहू नका

सात वर्षांपूर्वी आमच्या घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये, लेकीबद्दल एकच ओळ होती: ‘अज्ञान मुलीचा ताबा आईकडे राहील व वडिलांना उभयतांच्या सोयीनुसार मुलीस भेटता येईल.’ (‘अज्ञान’ म्हणजे कायद्याच्या भाषेत वयाने सज्ञान न झालेली.) मी वाचली, सही केली. त्या ‘सोयीनुसार’पायी पुढची दोन वर्षं आम्ही तिघांनी भोगली.

पहिल्याच भाऊबीजेला तिचे बाबा सकाळी नऊला सोसायटीच्या गेटवर आले. त्यांच्या बहिणीचा मुलगा ओवाळून घ्यायला थांबला होता. इकडे माझा भाचा नाशिकहून येणार होता. मी ‘आज सोयीचं नाही’ म्हणाले. लेक परकर-पोलकं घालून, हातात तबक घेऊन जिन्यात उभी होती. कागदाप्रमाणे मी चूक नव्हते, तेही नव्हते. चूक त्या कागदात होती. म्हणून हे लिहिते आहे, तुमचा कागद अजून व्हायचा असेल तर.

आधी तीन शब्द वेगळे करून घ्या. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे झोपतं, शाळेला कुणाच्या घरून जातं. आणि भेट, जिला कोर्टात सगळे ‘ॲक्सेस’ म्हणतात. ताबा आईला मिळाला म्हणून वडिलांचं पालकत्व संपत नाही. उलट बाजूनेही तसंच. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, ‘त्यानंतर’ आई असं लिहिलंय. पण १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘त्यानंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच धरला नाही. वडील लक्षच घालत नसतील, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हेही त्याच कायद्यात आहे. त्यावरून ‘पाच झाली की मूल बापाचं’ अशी समजूत पसरली आहे, ती खोटी. पाचनंतर पाटी कोरी असते आणि कोर्ट एकच पाहतं, मुलाचं हित कशात आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा सर्व धर्मांना लागू आहे, आणि त्याच्याही मुळाशी हाच विचार आहे.

अर्ज कुठे करायचा? मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या कौटुंबिक न्यायालयात. भांडणाच्या रात्री मूल उचलून माहेरी नेलं म्हणून केस आपोआप तिकडे जात नाही, आणि मुलाची शाळा मात्र बुडते. घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा तिथेच मागा. निकालाला वर्षं लागतील या धास्तीने गप्प बसू नका, अंतरिम अर्ज, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अर्ज, लगेच करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकाची पायरी फुकट घालवू नका. आम्ही दोघं एकमेकांच्या तक्रारींची फाईल घेऊन गेलो होतो. बाईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, मुलीच्या वर्गशिक्षिका कोण? शेवटची लस कधी दिली? रात्री खोकला लागला तर कोण उठतं? तिच्या बाबांना वर्गशिक्षिकेचं नाव आलं, मला आलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल बोलताना जपून बोलू लागले. तुम्ही जाताना लसीकरणाचं कार्ड, प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या न्या. व्हॉट्सॲपवरच्या भांडणांचे स्क्रीनशॉट मुलाबद्दल काही सांगत नसतील तर घरीच राहू द्या.

आता खरा मुद्दा, अटी कशा लिहायच्या. वार आणि वेळ आकड्यांत लिहा: ‘दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६.’ कोण आणणार, कोण सोडणार, कुठे, तेही. आम्ही नंतर गेटऐवजी आजीचं घर लिहिलं, कारण गेटवर वॉचमनसमोर आमचे आवाज चढायचे. उशीर होणार असेल तर किती आधी कळवायचं, आणि बुडालेली भेट कोणत्या दिवशी भरून द्यायची, हे सोडू नका. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ लिहा. दूर राहणाऱ्या पालकाला असा संपर्क मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सांगितलं आहे.

सणांना तारखा चालत नाहीत, तिथी लागते. आमच्या अटींत आता असं आहे: गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपासून गौरी विसर्जनापर्यंत वडिलांकडे. दिवाळीत लक्ष्मीपूजन आईकडे. भाऊबीज एक वर्ष आईकडे, एक वर्ष वडिलांकडे, आणि पहिलं वर्ष कुणाचं तेही लिहिलेलं. मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी, ‘शाळेने जाहीर केलेल्या तारखांप्रमाणे’. परदेशी न्यायचं असेल तर दुसऱ्याची लेखी संमती, हे कलम हवंच. मुलं परत आणण्याबाबतच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे नंतर धावाधाव फार जड जाते.

पोटगी आणि भेट यांची गाठ मारू नका. पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट झाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. दोन्हींसाठी कोर्टात वेगळी दाद मागायची. आदेश मोडला गेला तर तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा आणि अंमलबजावणीचा अर्ज करा.

मारहाण, दारू, मुलाला धोका असेल तर मात्र वर लिहिलेला समजूतदारपणा बाजूला ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे तात्पुरता ताबा मागता येतो. भेट मुलाला घातक वाटली तर मॅजिस्ट्रेट ती नाकारू शकतात. कोर्टाच्या आवारात, कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट मागणं हाही मार्ग आहे.

मुलाला विचारतात का? समज आली असेल तर न्यायाधीश चेंबरमध्ये एकटं बोलवून विचारू शकतात. वयाचा आकडा ठरलेला नाही. मुलाचं म्हणणं ऐकतात, पण निर्णय त्याच्यावर टाकत नाहीत. त्या सकाळी मुलाला काहीही पढवू नका. शाळेच्या दिवशी घेता तशी नाश्त्याची काळजी घ्या, आणि बाहेर आल्यावर ‘काय सांगितलंस?’ असं विचारू नका. मी विचारलं होतं. तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण तीनदा उघडलं, लावलं, आणि काहीच बोलली नाही.

शेवटचं, ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल वाढतं, परिस्थिती बदलते आणि कोर्टाकडून तो बदलून घेता येतो. लेक आता तेराची आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघांच्या सह्यांनी अर्ज दिला. शनिवारी सकाळी दहाच्या जागी दुपारी चार, कारण तिचा बॅडमिंटनचा क्लास साडेतीनला सुटतो.