बॅटरी किती तास पुरेल? आधी मीटरचा लाल दिवा मोजा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घरी इन्व्हर्टर नव्हता. दापोलीपासून थोडं आत आमची वाडी. खांबच आडवे झालेले, त्यामुळे पुढचे कित्येक दिवस लाइटचं नाव नाही. सासऱ्यांचं इन्सुलिन मी घट्ट झाकणाच्या डबीत घालून माठात सोडलं होतं. त्या वर्षी दिवाळीआधी इन्व्हर्टर घेतलाच: ९०० व्हीएचा, सोबत १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. दुकानदार म्हणाला, “आठ तास आरामात, वहिनी.” पहिल्याच लांबलेल्या रात्री साडेपाच तासांत यंत्र कुईं कुईं करायला लागलं. आठ तास कुठल्या लोडवर, हे मी विचारलंच नव्हतं. पतपेढीत पंचवीस वर्षं खतावण्या लिहिलेल्या बाईने असा व्यवहार करावा म्हणजे कमाल!

मग वही काढली.

पहिला गोंधळ व्हीए आणि अँपिअर-अवरचा. बैल एका वेळी किती ओझं ओढेल ते व्हीए, आणि घरात वैरण किती दिवसांची आहे ते अँपिअर-अवर. मोठा इन्व्हर्टर घेतला म्हणून तास वाढत नाहीत. तास बॅटरीतून येतात.

वैरणीचा हिशेब असा. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर. हा झाला कागदावरचा आकडा. बॅटरी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून ८० टक्केच धरायचे: १४४०. इन्व्हर्टर स्वतः गरम होण्यात शंभरातले पंधरा खातो: उरले १२२४. शिवाय तो १५० चा आकडा बहुतेक वेळा वीस तास सावकाश, साडेसात अँपिअरने उपसण्यासाठी असतो. दोन पंखे, चार दिवे लावले की वीसेक अँपिअर जातात, आणि जितक्या जोरात ओढाल तितकं एकूण कमी मिळतं. त्यावर बॅटरीचं वय. आमच्या बॅटरीने तीन पावसाळे काढल्यावर मी १८०० चे सरळ निम्मे, म्हणजे ९०० धरायला लागले.

आता खर्चाची बाजू. डब्यावरचे वॅट वाचून बेरीज करता येते: एलईडी दिवा ९, जुना पंखा ७०-७५, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, वायफायचा डबा १०. पण माझा भरवसा मीटरवर. महावितरणच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार. आमच्या मीटरवर ३२०० आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना (नाहीतर चार्जिंगची वीजही मोजली जाते) लाइट जाते तेव्हा जे चालू ठेवता तेवढंच चालू ठेवा, फ्रिज-गीझरचे खटके पाडा, आणि एका लुकलुकीपासून पुढच्या दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते पाहा. ११२५० ला त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळाले. मीटर १६०० चा असेल तर २२५००, ६४०० चा असेल तर ५६२५.

मला ५२ सेकंद लागले. म्हणजे आमचा संध्याकाळचा लोड २१६ वॅट: दोन जुने पंखे, चार दिवे, वायफाय आणि दोन मोबाइल. ९०० भागिले २१६, चार तास दहा मिनिटं. एका रविवारी मेन स्विच पाडून ताळा केला. चार तास पाच मिनिटांनी पहिली शिट्टी! एवढा आनंद मला ताळेबंद जुळल्यावरही झाला नव्हता. ही परीक्षा वर्षातून एकदाच घ्या, पावसाळ्याच्या तोंडावर. शिट्टी झाली की थांबा, आणि लगेच पुन्हा पूर्ण चार्ज होऊ द्या. त्याआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून घ्या.

लहान लोडवर हा भागाकार फसवतो. रात्री एक बीएलडीसी पंखा आणि ५ वॅटचा दिवा, मिळून ३५ वॅट. कागदावर पंचवीस तास येतात. तेवढे मिळणार नाहीत, कारण इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाही वीज खातो. मी त्याचे २० वॅट धरते आणि ९०० ला ५५ ने भागते. सोळा तास. तरीही संध्याकाळच्या चौपट. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी मी पंखे बदलले.

फ्रिजचं गणित वेगळं, कारण तो सतत चालत नाही. दारावरच्या तारांकित लेबलवर वर्षाची युनिटं असतात. आमच्यावर १९० आहेत. ३६५ ने भागलं की दिवसाला अर्ध्या युनिटच्या थोडं वर, म्हणजे सरासरी २२ वॅट. कोकणातला मे महिना आणि सारखं दार उघडणारी मुलं धरून मी ३५ पकडते. मात्र कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त ओढतो, तेव्हा बैलाची ताकद, म्हणजे व्हीए, पुरायला हवा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी सलग लाटेची वीज देणारा) हवा. लाइट बराच वेळ गेली की मी फ्रिज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास लावते, एरवी दार बंद. वापरातलं इन्सुलिनचं पेन बाहेर किती दिवस चालतं ते डॉक्टरांना विचारून ठेवलंय. थंड ठेवायचा तो शिल्लक साठा. विहिरीचा पंप, मिक्सर, इस्त्री यांना इन्व्हर्टरची लाइनच दिलेली नाही.

लिथियम बॅटरीवाल्यांनी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे १२८० धरावेत. त्यातले ९० टक्के वापरता येतात, म्हणून आकडा लहान दिसला तरी ती आमच्या १५० वालीच्या तोडीची. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केले तर अँपिअर-अवर १५० च राहतात, वॅट-अवर दुप्पट होतात.

शेवटची गोष्ट परतफेडीची. चार्जर १५ अँपिअरचा असेल तर दोन तासांच्या लाइटमध्ये बॅटरीत जेमतेम ३० अँपिअर-अवर पडतात, म्हणजे पाचवा हिस्सा. त्यामुळे लाइट येऊन-जाऊन असते त्या दिवसांत मी ९०० धरतच नाही, १८० धरते. जुन्या पंख्यांच्या २१६ वॅटच्या लोडवर ती पन्नास मिनिटं होतात, रात्रीच्या लोडवर सव्वातीन तास. या सगळ्या हिशेबाचा तक्ता फ्यूजबोर्डाच्या दारावर आतून चिकटवलाय, खाली मुलाने लाल पेनने लिहिलंय: “आईला विचारल्याशिवाय टीव्ही नाही.”